अठ्ठ्याऐंशी किलो

शुक्रवार, ३० सप्टेंबर १९८३

एकोणतीस पूर्णांक चार! अट ताशी अठ्ठावीस किलोमीटरची आहे.

हुबळीच्या उणकल तळ्यावर सकाळी सात वाजता. वारा जवळजवळ नाही. काठावरच्या दोन खांबांमधलं अंतर अडीचशे मीटर, टेपनं दोनदा मोजलेलं. जाताना २९.८ सेकंद, परतताना ३१.४. मधुकर म्हणाला, जातानाचाच आकडा धर की, ताशी तीस भरतात. नाही धरला. खात्याच्या अटीत दोन्ही दिशांची सरासरी आहे.

मधुकर इंजिनाचा माणूस. कारवारला लाँचवर चार वर्षं काढलेली, त्यामुळे आमच्या तळ्याला तो डबकं म्हणतो. होडी तो चालवतो, घड्याळ माझ्याकडे. मला पोहता येत नाही हे त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मुद्दाम वळणं घेईल.

सहा माणसांचं वजन अटीत साडेचारशे किलो धरलंय. तो एकसष्ट, मी बेचाळीस, उरलेली तीनशे सत्तेचाळीस किलो वाळू. पोती मीच तोलली. मधुकर म्हणतो, तू जरा जेवत जा, पोती उचलून माझी कंबर गेली.

शेषगिरीराव काठावर छत्री टेकून उभे होते. नऊ वर्षं त्यांचा कारखाना फायबरच्या पाण्याच्या टाक्या करतोय, होड्या पहिल्यांदाच. पाटबंधारे खात्याच्या सहा, धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या गावांना पावसाळ्यात ने-आण करायला. ही पहिली पास झाली की बाकीच्या पाच तशाच पास. आकडा सांगितला तर नुसते हं म्हणाले. माझी सहा महिन्यांची उमेदवारी नोव्हेंबरात संपते. पुढचं काय, असं मागे एकदा धीर करून विचारलं होतं. ‘आधी तळ्यातून बाहेर ये, मग पाहू,’ म्हणाले होते.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

बसायच्या फळ्या डुगडुगत होत्या. काळप्पा मिस्त्रींनी होडीची तळफळी, म्हणजे आत पाय ठेवायची जमीन, उचकटली, खालून आधार दिला, पुन्हा स्क्रू मारून बसवली. तळफळीखाली बंद कप्पे आहेत, थर्मोकोलचे तुकडे भरलेले. होडीत पाणी भरलं तरी ती बुडू नये म्हणून.

स्क्रूंच्या भोकांत रेझिन भरायचं राहिलं का, विचारलं. मिस्त्री मला तंगी म्हणतात, धाकटी बहीण. म्हणाले, ‘तंगी, टाकी गळते ती खालून. वरून गळलेली टाकी पाहिलीस कधी?’ सगळे हसले. मीही हसले. बाकीच्या पाचांतही तसंच आहे म्हणे.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

काही नाही. पत्रं टाइप केली. हात रेझिनचा वास सोडत नाहीत. आव्वा म्हणते, लेकी, भाकरीलाही लागतो.

शनिवार, १५ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. हे लिहू की नको, असं करत तीनदा वही मिटली.

कारखान्यात आयुधपूजा. करवती, ड्रिल, साचे, काटा — सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. दारात केळीचे खांब. होडी ट्रॉलीवर अंगणात, नवरीसारखी सजवलेली. मिस्त्रींच्या घरी पूर्वी गाड्या करायचे. नव्या गाडीला बैलासारखी आंघोळ घालूनच बाहेर काढायची पद्धत. तशीच होडीला. नऊ घागरी. मिस्त्रींनी खाली वाकून मागचं बूच आधीच घट्ट लावलं — पूजेचं पाणी भुईवर सांडून पायदळी जाता कामा नये. ते होडीतच राहू द्यायचं, सोमवारी भांड्यानं काढून आंब्याला घालायचं.

पहिली घागर कुणाची, यावर जरा घोळ झाला. शेषगिरीराव म्हणाले, ‘होडीत रोज जीव मुठीत धरून कोण बसतं? सुलभा. तिची.’

म्हणजे त्यांना दिसत होतं!

मिस्त्री क्षणभर थांबले. अगदी क्षणभर. मग त्यांनीच घागर उचलून माझ्या हातात दिली. आमची वस्ती कुठली ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अप्पांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर ते ओंजळ धरून उभे राहायचे आणि कुणी तरी वरून पाणी सोडायचं. आज माझ्या हातात घागर होती आणि वीस माणसं माझ्यासाठी थांबली होती. मी ओतली. मागच्या बाजूला, इंजिनाजवळ. 

आमच्या घरात पूजा नाही. अप्पांनी छप्पन साली नागपूरला जाऊन शब्द दिलाय. तो त्यांनी दिलाय, पण तो आमच्या सगळ्यांचा आहे, हे मला पाचव्या वर्षापासून कळतं. तरी ओतली. आणि बरं वाटलं. हेच लिहायला जड गेलं.

रविवार, १६ ऑक्टोबर

विहारात गेलो, पांढरी साडी. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सतरा जणांना सांगितलं असेल — ही आमची सुलभा, होड्या करते. रेल्वे वर्कशॉपात एकतीस वर्षं खलाशी. सही करायला मी शिकवली, चौथीत असताना. त्यांच्या बरोबरीच्या एका काकांनी विचारलं, वेग कसा मोजतात? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी सांगितलं, ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, जणू त्यांना आधीच माहीत होतं.

घागरीचं सांगितलं नाही. येताना वाटेतही नाही.

सोमवार, १७ ऑक्टोबर

होडीत शनिवारी बोटभर पाणी होतं. आज तळफळी कोरडी. थेंब नाही. मिस्त्री भांडं घेऊन आले आणि बघतच राहिले. मग हात जोडले — होडीनं पाणी घेतलं, पूजा पावली. रविवारी ऊन कडक होतं, असं शेषगिरीराव म्हणाले. दोन्ही ऐकून बरं वाटलं.

बुधवार, १९ ऑक्टोबर

२६.७.

जाताना ३३.०, येताना ३४.४. पुन्हा केलं. पुन्हा तेच. वारा नाही, वाळू तीच, मधुकर तोच, मी तीच.

गुरुवार, २० ऑक्टोबर

शेषगिरीरावांनी आज घड्याळ हातात घेऊन उलटंसुलटं केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, बटण दाबणारं बोट सप्टेंबरात चपळ होतं. मधुकर म्हणाला, घड्याळाला सर्दी झाली असेल.

दुपारी जेवायच्या सुट्टीत स्टेशनवर गेले आणि फलाटावरच्या घड्याळाशी दहा मिनिटं लावून पाहिलं. फरक अर्ध्या सेकंदाच्याही आत. घड्याळ बरोबर आहे. म्हणजे मी? डोळे मिटून दहा सेकंद मोजत बसले बाकावर. एक हमाल म्हणाला, बाई, गाडी गेली.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

पंखा. पाण्यातल्या पंख्याच्या एका पात्याला कडेला खोच पडलेली, दगड लागला असावा. मधुकरनं कानस मारून साफ केली. सगळ्यांना वाटलं, सापडलं.

२६.८.

शनिवार, २२ ऑक्टोबर

नीट विचार करायला हवा. घाबरून नाही.

होडी सुरुवातीला पाणी ढकलत जाते. वेग वाढला की ती वर चढते आणि पाण्यावरून घसरायला लागते. तिथून पुढे थोड्या जोरातही भराभर पळते. सप्टेंबरात हे चढणं पोटात कळायचं, झोपाळा सुटल्यासारखं. आता नाक वर होतं आणि तसंच राहतं. मला समोरचा काठ दिसत नाही, आकाश दिसतं.

इंजिनाचे फेरे तेव्हा मिनिटाला पाच हजार दोनशे, आता चार हजार सातशे. मधुकर म्हणतो इंजिन दमलं. पण एकटं, तळ्याबाहेर, पाण्याच्या पिंपात लावून चालवलं तर तसंच गुरगुरतं. ते दमलेलं नाही, त्याच्यावर काही तरी बसलंय.

शेषगिरीरावांचे एक ओळखीचे कॉलेजातले गृहस्थ आले होते. म्हणाले, हुबळी समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंच, हवा विरळ, त्यात ऑक्टोबरची उष्णता. इंजिनाला श्वास पुरत नाही. खरं आहे. पण हुबळी सप्टेंबरात काही खाली नव्हती. बोलले नाही. बोलायला हवं होतं?

मंगळवार, २५ ऑक्टोबर

दोन दिवसांत केलेलं:

तळाला हिरवं बुळबुळीत चढलं होतं. तळ नारळाच्या शेंडीनं घासला. माझी बोटं सोलली. २६.९.

इंजिन एक भोक वर चढवलं. पंख्याशी हवा येऊन तो नुसता फिरायला लागला. खाली घेतलं.

कमी पीचचा पंखा. पीच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल ते. सायकलला मागे मोठं चक्र लावावं तसं. फेरे वाढले. वेग नाही.

वाळूची पोती पुन्हा तोलली, ओली झाली असतील म्हणून. चार किलो जास्त. काढली.

मग पोती पुढे सरकवली, अगदी नाकापर्यंत. २७.३! आजवरचा सगळ्यांत चांगला आकडा. मधुकर म्हणाला, बस, आणखी दोन पोती पुढे आणि पेढे. पण सहा माणसं नाकात कोंबून कोण बसणार? आणि सप्टेंबरात पोती मधेच होती.

पुढे वजन नेल्यानं बरं वाटतं. म्हणजे मागे वजन आहे. कसलं?

गुरुवार, २७ ऑक्टोबर

रिकामी होडी सकाळी तळ्यात सोडली, पोती चढवण्याआधी. आजवर मी ती भरलेलीच पाहत होते. आज काठावरून पाहिली. पाण्याची रेघ जिथे यावी म्हणून रंगानं खूण केलीय, ती पुढे दिसत होती, मागे बुडालेली. रिकाम्या होडीची!

मधुकरला दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि पहिल्यांदाच काही थट्टा केली नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

होडी दोन काट्यांवर ठेवली, पुढचा भाग एकावर, मागचा एकावर. सप्टेंबरात असंच तोललं होतं, चाचणीच्या वहीत आहे. पुढे ११२, मागे १५६, एकूण २६८.

आज पुढे १२८. मागे २२८.

तीनशे छप्पन. अठ्ठ्याऐंशी किलो जास्त. एक घागर अकरा लिटर. आठ घागरी.

तिथेच ट्रॉलीच्या दांड्यावर बसले.

बूच लावलेलं. बोटभर पाणी. स्क्रूंची उघडी भोकं. कप्प्यांत थर्मोकोलच्या तुकड्यांमधल्या फटी. एका रविवारच्या उन्हात बोटभर पाणी आटतं का, हा प्रश्न मला सतरा तारखेला पडायला हवा होता. आव्वाची परात अंगणात ठेवून पाहता आलं असतं. मी पाहिलं नाही, कारण पूजा पावली हे मला हवं होतं. बाकी कुणाच्या पूजेचा मी इतका विचार केला नसता. ती माझीही होती.

नवव्या दिवशी सापडलं. नऊ दिवस मी पंखा, वारा, तळ, हवा, घड्याळ, स्वतःचं बोट, सगळ्यांना विचारत फिरले. जे मी स्वतःच्या हातानं ओतलं होतं त्याला सोडून.

शनिवार, २९ ऑक्टोबर

मिस्त्रींनी मागे खाली भोक पाडलं. पाणी आलं, पिवळट, वास मारणारं, मधे झेंडूची पाकळी. येतच राहिलं. मोजून आठ घागरी आणि वर एक तांब्या.

मी शेषगिरीरावांना म्हटलं, पहिली घागर मी ओतली होती, तेही मागेच. ते म्हणाले, ‘अगं, मग काय तुझ्या घागरीचं वजन वेगळं होतं?’ आणि हसले. चांगले आहेत ते. हे लिहून ठेवते, पुढे काही झालं तरी.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

भोकं बुजवली, ह्या एका होडीची. पोती जागेवर, जुना पंखा. २९.२.

वर चढली. पोटात कळलं.

मंगळवार, १ नोव्हेंबर

चाचणीच्या वहीत सगळं लिहिलं होतं. इंग्रजीत, नेहमीसारखं. कधी वजन वाढलं, कसं, कुठून पाणी गेलं. शेवटी एक ओळ: बाकीच्या पाच होड्यांची तळफळी अशीच आहे, त्या उघडून भोकं बुजवावीत.

शेषगिरीरावांनी वाचलं. चष्मा काढला.

‘आम्ही ओतलं म्हणून गेलं. धरणावर कोण घागरी ओतायला बसलंय?’

पाऊस, मी म्हटलं. लाटा. माणसांचे ओले पाय. एकेक थेंब जाईल, दिसणार नाही, आणि बाहेर यायला वाट नाही. आधी होडी हळू होईल. मग जड. आणि ज्या दिवशी खरंच पाणी भरेल त्या दिवशी तरंगायला जे कप्पे ठेवलेत ते आधीच भरलेले असतील.

‘ताडपत्री घालतील.’

 ते म्हणाले, पाच होड्या उघडायच्या म्हणजे बसायच्या फळ्या काढायच्या, तळफळी उचकटायची, पुन्हा रेझिन, पुन्हा घासकाम. खात्यानं तारीख दिलीय अकराची. मुदत गेली तर पुढची ऑर्डर कारखान्याला नाही. बावीस माणसं आहेत इथे, सुलभा.

तेही खोटं नाही.

बाहेर आले तर मिस्त्री उभे. त्यांना कुणी तरी सांगितलं असावं. कानडीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘पूजेनं होडी बिघडली असं सरकारला लिहिणार तू?’

‘भोकांनी बिघडली, मिस्त्री. पूजेनं कळलं.’

ते माझ्याकडे बघत राहिले. पुढे काही बोलले नाहीत. पण जे बोलले नाहीत ते मी घरी येईपर्यंत ऐकत होते — ह्यांना पूजा नकोच असते. घागर हातात दिली तर हे.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

दिवाळी. कारखाना बंद. शेजारच्या गल्लीत फटाके. अप्पांनी विचारलं, चेहरा का असा? म्हटलं, चाचणीची काळजी. खोटं नाही. पण पुरंही नाही.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

‘वहीत फार खाडाखोड आहे,’ शेषगिरीराव म्हणाले. खाडाखोड एकही नाही. ‘स्वच्छ नक्कल काढ. एकोणीस ते अठ्ठावीस ऑक्टोबर गाळ. चुकलेली मापं कुणी दाखवत नाही.’

मापं चुकलेली नव्हती, एवढं मी म्हणाले. ते कागद चाळत राहिले.

दुपारभर बसून नक्कल काढली. चांगल्या अक्षरात. तीस सप्टेंबर, २९.४. एकतीस ऑक्टोबर, २९.२. दोन्ही आकडे खरे. प्रत्येक ओळ खरी. नक्कल दोनदा वाचली, तिच्यात एकही खोटा शब्द सापडेना. असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

मूळ वही माझ्या पिशवीत. कुणी मागितली नाही.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

पास. २९.१.

खात्याचे साहेब वयस्कर, कडक, पायात गमबूट. पोती स्वतः तोलून घेतली. होडीतही बसले, मग मधुकरच्या सांगण्यावरून एक पोतं कमी करावं लागलं आणि साहेबच हसले. काठावर येऊन त्यांनी माझी नक्कल वाचली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, बोट ठेवून. म्हणाले, इतकी नीट ठेवलेली वही मी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. मधे महिनाभर चाचण्या का नाहीत?

मी शेषगिरीरावांकडे पाहिलं.

‘सण होते,’ ते म्हणाले.

साहेबांनी मान हलवली आणि सही केली. सहाही होड्यांवर.

सोमवार, १४ नोव्हेंबर

नेमणुकीचं पत्र मिळालं. तांत्रिक साहाय्यक, एक डिसेंबरपासून कायम. शेषगिरीरावांनी स्वतः दिलं. ‘तळ्यातून बाहेर आलीस,’ म्हणाले.

आव्वानं पत्र कुंचीतल्या लेकराला धरावं तसं धरलं. तिला वाचता येत नाही, पण माझं नाव कुठे आहे ते तिनं बरोबर ओळखलं. गल्लीत शेव-चुरमुरे वाटले. मीही खाल्ले.

बुधवार, १६ नोव्हेंबर

पाच होड्यांवर क्रमांक रंगवायचं काम माझ्याकडे. दोन झाले. ब्रश धरला की हात चालतो, डोकं चालत नाही. चांगलं आहे.

शनिवारी अप्पांना सांगणार. घागरीचं. एवढं एक उरलंय असं वाटतं. ते सांगितलं की ओझं उतरेल.

शनिवार, १९ नोव्हेंबर

सांगितलं.

अप्पा ड्यूटीवरून आले होते, अंगणात पाय धूत होते. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, नाही तर केली नसती. खंडेनवमी, पहिली घागर, बरं वाटलं तेही. मग ओघात सगळं — आठ घागरी पाणी, भोकं, वही, नक्कल, साहेबांची सही. ते पाय पुसत ऐकत होते. मधे एकदा, पाणी नेमकं कुठून गेलं, ते विचारलं. मी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. 

‘घागर ओतलीस ते मला आवडलं न्हाई,’ म्हणाले. ‘पन ते आपल्या घरातलं. मी तुला बोलीन, तू मला बोलशील.’

मला वाटलं, संपलं. सुटले.

‘दुसऱ्या पाच?’

तशाच आहेत, म्हटलं. सोमवारी धरणावर जायच्यात.

‘आमच्याकडं डब्याच्या चाकाला भेग दिसली की खडूची फुली मारत्यात. कुनी बी मारावी. मी बी मारतो. मग साहेब आला तरी डबा हलत न्हाई.’ मग म्हणाले, ‘तुला दिसली. फुली मारली न्हाईस?’

रागावले नव्हते. खरंच विचारत होते. त्यांना वाटलं असावं की मी मारली असेल आणि सांगायला विसरले.

महिनाभर मी कुठल्या गोष्टीला घाबरत होते!

रविवार, २० नोव्हेंबर

मूळ वहीतली नऊ पानं काढली. त्यांची एक प्रत उतरवून घरी ठेवली. साहेबांच्या नावे पत्र, अर्धं पान. पूजेचं लिहिलं — होडी धुताना पाणी आत साचलं, पहिली घागर मी ओतली, भोकं बुजवलेली नव्हती. तुम्ही वाचलेली नक्कल माझ्या हातची आहे, तिच्यात ही पानं गाळली ती मीच. खाली पूर्ण नाव.

सोमवार, २१ नोव्हेंबर

टपाल कचेरी उघडायच्या आधी दारात होते. पत्र आणि पानं रजिस्टर केली. मग स्टेशनवरून खात्याच्या कचेरीला फोन लावून घेतला; साहेब नव्हते, कारकुनाला निरोप लिहून घ्यायला लावला, परत वाचून दाखवायला सांगितला.

मग कारखान्यात. लॉरी अंगणात उभी होती, पहिली होडी चढलेली. टपालाची पावती शेषगिरीरावांच्या टेबलावर ठेवली. काय पाठवलं ते सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. मी पिशवीतून नेमणुकीचं पत्र काढून दिलं. त्यांनी घडी घालून ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

लॉरीवाल्याला त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं, तो आवाज फाटकाबाहेर आल्यावर ऐकला.

घरी पोहोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.